छोरा जावै सै, छोरी बी जावै सै

हरियाणवी म्हणजे रांगडी हिंदी, असं कोणी म्हटलं की मला राहवत नाही, कारण नुसतं क्रियापद बघितलं तरी कळतं की या बोलीचं स्वतःचं व्याकरण आहे आणि ते हिंदीपेक्षा चांगलंच वेगळं आहे.

हिंदीत लडका जाता है, लडकी जाती है. आपल्याकडे तो जातो, ती जाते. पण रोहतक-जींदकडे ऐका, छोरा जावै सै आणि छोरी जावै सै, क्रियापद तेच!! मैं जाऊं सूं म्हणणारा बाप्या आहे की बाई ते वाक्यावरून कळतच नाही. इंग्लिशमध्येही ही गोज, शी गोज, लिंगाचा पत्ताच नाही. म्हणजे या एका जागी हरियाणवी हिंदीपेक्षा इंग्लिशसारखी वागते.

पण कारण अगदी वेगळं आहे हं. इंग्लिश क्रियापदाला लिंग कधी नव्हतंच, जुन्या इंग्लिशमध्ये नामांना तीन लिंगं होती तेव्हासुद्धा क्रियापद फक्त पुरुष आणि वचन बघायचं. हरियाणवीचं जावै मात्र थेट संस्कृतच्या वर्तमानकाळातून प्राकृतमार्गे आलंय, याति, जाइ, जावै असं, आणि त्या रूपाला लिंग नसतंच. हिंदीचं जाता आणि आपलं जातो ही मुळात धातुसाधित विशेषणं, म्हणून ती विशेषणासारखी लिंगाप्रमाणे बदलतात.

भूतकाळात आलं की मात्र हरियाणवी पक्की आपल्यातली, छोरा गया, छोरी गई. आणि छोरे नै रोटी खाई, छोरी नै आम खाया, इथे तर खाणारा कोण याच्याशी क्रियापदाला देणंघेणंच नाही, ते खाल्लेल्या वस्तूप्रमाणे चालतं, अगदी आपल्या मुलाने आंबा खाल्ला, मुलाने भाकरी खाल्ली सारखं. इंग्लिशवाल्याला हे समजावताना खरंच दमायला होतं.

मला सगळ्यात भारी वाटतो तो भविष्यकाळ. तिथे हरियाणवी लिंग दाखवते, छोरा जावैगा, छोरी जावैगी, आणि आपण दाखवत नाही, तो जाईल, ती जाईल. म्हणजे बरोब्बर उलट! आणि आपल्या जाईलमधलं ते जाई कुठलं माहितीये? तो रोज नदीवर जाई, ती रोज नदीवर जाई, यातलं. रीती भूतकाळ म्हणून शाळेत शिकवतात ते, पण मुळात तोही जुना वर्तमानकाळच, हरियाणवीच्या जावैचा सख्खा भाऊ.