सहापैकी सहा जुळले, तरी नकार

रिपोर्टमध्ये सहापैकी सहा जुळले होते. सख्ख्या भावंडांतही एचएलए, म्हणजे किडनी बसवण्याआधी जुळवून पाहतात त्या पेशींवरच्या खुणा, अशा पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. त्यामुळे घरच्यांनी सिस्टरांसाठी पेढ्यांचा बॉक्सच आणला होता, आणि मला नकार द्यायचा होता.

मी सोलापुरात किडनीचा डॉक्टर आहे. रुग्ण ४६ वर्षांचे, यंत्रमाग कारखान्यात जॉबर. बारा वर्षांपासून शुगर, आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाच्या खुणा होत्या, लघवीतून वर्षानुवर्षं प्रोटीन जात होतं. निदानाबद्दल शंका नव्हती. किडनी द्यायला उभी राहिली ती धाकटी बहीण, ४१ वर्षांची. क्रिएटिनीन (किडनी किती काम करते ते सांगणारी रक्ततपासणी), बीपी, लघवीतलं अल्ब्युमिन (किडनी बिघडू लागली की लघवीत उतरणारं प्रोटीन) सगळं ठीक. फक्त ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी काढलेली शुगर १७८. ती १४० च्या आत हवी. २०० झाली की मधुमेह. म्हणजे बाई उंबरठ्यावर.

दुसऱ्या एखाद्या घरातली असती तर 'वजन उतरवा, सहा महिन्यांनी परत तपासू' असं म्हटलं असतं. पण या घरात वडील शुगर होऊन किडनीनेच गेले होते. थोरली बहीण चार वर्षं डायलिसिसवर काढून गेली. तिसरा समोर बसला होता. अशा घरातल्या चौथीची एक किडनी काढून घ्यायची, आणि दहा वर्षांनी तिला मधुमेह झाला तर उरलेल्या एकीच्या भरवशावर तिला सोडायचं?

"ताई, तुमची किडनी मी घेणार नाही," मी म्हणालो.

सगळे एकदम बोलायला लागले. त्यात थोरले भाऊ, घरात त्यांना अण्णा म्हणतात, सगळ्यांत मोठ्याने. "अहो डॉक्टर, यानं पथ्य पाळलं नाही म्हणून याची गेली. ही पाळंल की! मी बघतो ना."

हे ऐकून मला हसावं की रागवावं कळेना. अण्णांची फाइलही माझ्याकडेच असते. एकवीस वर्षांची शुगर, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) नऊच्या खाली आलेलं मी पाहिलेलं नाही, जिलेबीवर जीव. आणि लघवीतल्या अल्ब्युमिनचा आकडा ११. ३० च्या आत नॉर्मल. ज्या भावाला ते पथ्यावरून बोलत होते त्याचं एचबीए१सी बरीच वर्षं सातच्या आसपास. तो बिचारा मान खाली घालून ऐकत होता. डायलिसिसवरचे बरेच रुग्ण असेच ऐकून घेतात, कारण 'शुगर सांभाळली नाहीस, म्हणून किडनी गेली' हे आम्ही डॉक्टरांनीच घरोघरी पोचवलंय. ते खोटं नाही. शुगर आणि बीपी ताब्यात ठेवलं तर किडनी जास्त टिकते. पण ते अर्धंच आहे.

मधुमेह असलेल्या दहांतल्या तिघाचौघांनाच किडनीचा आजार होतो. टाइप १ च्या (बहुतेकदा लहान वयात होणाऱ्या, इन्सुलिनवरच्या मधुमेहाच्या) रुग्णांत तर पंधरा-वीस वर्षांनंतर नवीन रुग्ण कमी होत जातात. दोष नुसत्या साखरेचा असता तर वर्षं वाढतील तशी संख्याही वाढत गेली असती. घराण्यांचा अभ्यास सुरू झाला तेव्हा चित्र अधिक उघड झालं. अमेरिकेत १९८९ मध्ये छापलेल्या एका छोट्या अभ्यासात, ज्यांची किडनी मधुमेहाने बिघडली होती त्यांच्या मधुमेही भावंडांपैकी ८३ टक्क्यांत तोच आजार सापडला; ज्यांची शाबूत होती त्यांच्या भावंडांत १७ टक्के. ॲरिझोनातल्या पिमा आदिवासींत, आईवडील दोघांनाही मधुमेह आणि लघवीतून प्रोटीन असेल तर मधुमेही मुलांपैकी ४६ टक्क्यांना तेच. दोघांच्याही लघवीत प्रोटीन नसेल तर १४ टक्के. चेन्नईच्या डॉक्टरांनीही १९९९ मध्ये आपल्याकडच्या टाइप २ च्या (बहुतेकदा मोठेपणी होणाऱ्या नेहमीच्या मधुमेहाच्या) रुग्णांत भावंडांचं हेच गणित दाखवलं.

एवढं सगळं मी तिथे सांगितलं नाही. "शुगर तुम्हा सगळ्यांच्या वाट्याला येऊ शकते, पण किडनीचा कमकुवतपणा काहींच्याच वाट्याला येतो. अण्णांच्या वाट्याला बहुधा आला नाही. ताईंचं आज कळायला मार्ग नाही," एवढंच म्हणालो.

अण्णांचा मुलगा पुण्यात आयटीत. तो म्हणाला, "मग जेनेटिक टेस्ट करू ना आत्याची. ऑनलाइन किट मिळतं."

प्रश्न चांगला होता, उत्तर नव्हतं. किडनीच्या गाळणीचा पडदा ज्या कोलॅजेनचा बनतो त्याच्या सीओएल४ए३ या जनुकातला एक बदल टाइप १ मधुमेहात किडनीचं रक्षण करतो, असं २०१९ मध्ये सुमारे एकोणीस हजार लोकांच्या तपासणीतून दिसलं. पण ते लोक युरोपीय वंशाचे. शिवाय एका जनुकाने हे ठरत नाही. लहानसहान परिणाम करणारी बरीच जनुकं मिळून ठरवतात. त्या किटच्या भरवशावर मी कुणाची किडनी काढणार नाही. आजच्या घडीला त्या घरातल्या तीन फाइली हीच माझी सगळ्यांत भरवशाची टेस्ट होती.

मग वहिनींचं नाव निघालं. रुग्णाची बायको, ब्लड ग्रुप ओ, शुगर स्वच्छ, माहेरी कुणाला मधुमेह नाही. जुळणी मात्र जेमतेम. म्हातारी आई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "लेकीची चालत न्हाई, आन् सुनेची चालती व्हय?"

चालते. पती-पत्नींमधल्या प्रत्यारोपणाचे अमेरिकेतले आकडे १९९५ मध्ये छापले गेले: तीन वर्षांनी ८५ टक्के किडन्या चालू होत्या, आईवडिलांनी दिलेल्यांपैकी ८२ टक्के. पण आईच्या बोलण्यातला काटा वेगळा होता, आणि तो मला टोचला. आपल्याकडे जिवंत दात्यांमध्ये आधीच बायकाच जास्त. एका बाईला वाचवताना मी ओझं दुसऱ्या बाईवर ढकलत होतो. म्हणून वहिनींना एकट्यांना आत बोलावून विचारलं, तुम्हाला मनापासून द्यायचीय का? नसेल तर 'मेडिकली बसत नाही' एवढंच मी बाहेर सांगेन. त्या म्हणाल्या, "मी कधीचीच तयार हाय. मला कुणी इचारलंच न्हाई." मग लगेच, "आमच्या दोन्ही पोरांचं काय?" पोरांचं वजन, बीपी बघत राहू, शुगर वरचेवर तपासू, आणि मधुमेह निघालाच तर त्याच दिवसापासून लघवीतलं अल्ब्युमिन दरवर्षी, असं सांगितलं. त्यांच्या आजोबांच्या काळी नसलेली औषधंही आज आहेत. लोसार्टनचा उपयोग २००१ मध्ये सिद्ध झाला, ग्लिफ्लोझिन गटाच्या गोळ्यांचा २०१९ मध्ये.

प्रत्यारोपण झालं. रुग्णाचं क्रिएटिनीन १.२ वर आहे. ताईंनी सात किलो वजन उतरवलंय; माझ्याशी अजून जेवढ्यास तेवढंच बोलतात. अण्णा आपला ११ चा रिपोर्ट कारखान्यात सगळ्यांना दाखवत फिरायचे. त्यांना जबरदस्तीने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, तर दोन्ही पडद्यांवर रक्तस्राव निघाला. लेसरसाठी पुढच्या गुरुवारची तारीख मिळालीय.