तुम्ही विचारलंत म्हणून: व्हायब्रेटर नाही मारला तर सळई धरेल का?

दर महिन्या-दोन महिन्यांनी हा प्रश्न येतोच. कधी डिप्लोमाचा पोरगा विचारतो, कधी स्वतःचं बांधकाम चालू असलेला माणूस, आणि सगळ्यात जास्त संशयाने विचारतात ते उभा जन्म साइटवर काढलेले सुपरवायझर. "मॅडम, ते सेल्फ कॉम्पॅक्टिंग नुसतं ओततात, व्हायब्रेटर लावतच नाहीत, मग सळईला धरणार कसं ते?" (व्हायब्रेटर म्हणजे ताज्या काँक्रीटमध्ये खुपसायची थरथरणारी सुई, आणि सेल्फ कॉम्पॅक्टिंग काँक्रीट, म्हणजेच एससीसी, हे तिच्याशिवाय आपोआप पसरून घट्ट बसणारं काँक्रीट.) मी काँक्रीट टेस्टिंग लॅबमध्ये काम करते, ठोकळ्यातून सळई ओढून काढणं हा कामाचाच भाग, म्हणून माझ्याकडे येत असावेत. तर एकदा सविस्तर लिहूनच टाकते.

धरतं. नीट बनवलेलं असेल तर व्हायब्रेट केलेल्या काँक्रीटइतकं धरतं, बऱ्याचदा थोडं जास्तच. आता "नीट बनवलेलं" या दोन शब्दांतच सगळी गोम आहे, पण आधी धरतं म्हणजे काय होतं ते बघू.

लोकांना वाटतं काँक्रीट सळईला गोंदासारखं चिकटतं. चिकटतं थोडंफार, पण सळई केसभर सरकली की ते चिकटणं संपलं. मग घर्षण, आणि खरं काम करतात त्या सळईवरच्या आडव्या-तिरक्या रिब्ज, म्हणजे उंचवटे. सळई ओढली की रिब पुढच्या काँक्रीटवर रेटते, आणि तो रेटा तिरका असल्यामुळे काँक्रीट बाहेरच्या बाजूला फाकायला बघतं, लाकडात पाचर ठोकल्यावर होतं तसंच. कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, कमी असेल, सळयांभोवतीच्या आडव्या रिंगा लांब लांब असतील तर सळईच्या रेषेत तडा जातो आणि खेळ खल्लास. कव्हर भरपूर असेल तर तडा जात नाही, रिब्जच्या मधलं काँक्रीट चिरडतं आणि सळई निघून येते. टेस्टनंतर अशी सळई हातात घेऊन बघा, दोन रिब्जच्या मधे करड्या पिठाचा गच्च थर बसलेला असतो, नखाने खरवडावा लागतो.

म्हणजे रिबच्या पुढ्यात घट्ट काँक्रीट हवं, बास. व्हायब्रेटर तरी दुसरं काय करतो, अडकलेली हवा काढून काँक्रीट सळईच्या अंगाला बसवतो. एससीसी तेच काम स्वतःच्या वजनाने करतं, कारण त्यात खडी कमी आणि लहान, सिमेंट-फ्लाय अ‍ॅशसारखी बारीक पावडर जास्त, आणि सुपरप्लास्टिसायझर या रसायनामुळे पाणी न वाढवता ते वाहतं. जपानमध्ये १९८०च्या दशकात हे पुढे आलं ते याच अडचणीतून. व्हायब्रेटर नीट मारणारे कुशल कामगार कमी होत चालले होते आणि त्यामुळे बांधकामं टिकत नव्हती, तेव्हा टोकियो विद्यापीठाच्या हाजिमे ओकामुरांनी १९८६ साली कल्पना मांडली की माणसाच्या हातावर अवलंबूनच राहू नये असं काँक्रीट करू, आणि १९८८ मध्ये पहिलं चालणारं मिश्रण तयार झालं. बीम-कॉलमच्या जॉइंटमध्ये जिथे सळयांच्या गर्दीत व्हायब्रेटरची सुई घुसतच नाही तिथे काय होतं ते सुपरवायझर मंडळींना मी सांगायला नको, हनीकोम्ब, म्हणजे काँक्रीटमध्ये राहिलेल्या पोकळ्या, त्यांनीच बुजवलेल्या असतात!

पण मला विचाराल तर बाँडचा, म्हणजे सळई-काँक्रीटच्या पकडीचा, खरा शत्रू हवा नाहीच, पाणी आहे. ताजं काँक्रीट ओतल्यावर खडी-सिमेंट हळूहळू खाली बसतं आणि पाणी वर येतं. वर येताना वाटेत आडवी सळई आली की पाणी तिच्या पोटाखाली अडकतं, शिवाय खालचं काँक्रीट अजून बसत असतं पण सळई मात्र बांधलेली असल्याने जागची हलत नाही, मग मधे फट राहते. आम्ही एकदा उंच ठोकळ्यात खाली एक, वर एक अशा सळया ठेवून साधं, जरा पातळच काँक्रीट भरलं आणि नंतर तो डायमंड करवतीने कापला. खालच्या सळईभोवती सगळं घट्ट. वरच्या सळईच्या माथ्यावर घट्ट, आणि पोटाखाली बारीक काळी चंद्रकोर! सळई उचकटून काढली तर माथ्याकडच्या काँक्रीटवर प्रत्येक रिबचा स्वच्छ ठसा, आणि पोटाकडे ठसाच नाही, नुसतं गुळगुळीत. म्हणजे अर्धी सळई हवेतच होती म्हणा ना. कोडवाले हे ओळखून आहेत, अमेरिकन एसीआय कोडमध्ये आडव्या सळईखाली ३०० मिमीपेक्षा जास्त ताजं काँक्रीट असेल तर सळईची रुतण्याची लांबी १.३ पट धरायला सांगतात, युरोकोडही तिथला बाँड ०.७ पटच धरतो.

इथे चांगलं एससीसी भाव खाऊन जातं. पाणी कमी, पावडर जास्त, त्यामुळे ब्लीडिंग, म्हणजे पाणी वर येणं, कमी, आणि वरच्या-खालच्या सळईतला फरकही बऱ्याच टेस्ट्समध्ये कमी दिसतो. बऱ्याच, सगळ्या नाही. आणि अजून एक, एससीसीचा क्यूब (ताकद तपासायचा ठोकळा) बऱ्याचदा मुळातच जास्त ताकद देतो, तेव्हा नुसते बाँडचे आकडे शेजारी ठेवून "बघा किती भारी" म्हणणं लबाडी आहे, सारख्या ताकदीच्या काँक्रीटशी तुलना करायला हवी. म्हणून एससीसी आहे म्हणून लॅप (दोन सळया जोडताना एकमेकींवर चढवायची लांबी) कमी करा असं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

आता माझीच एक चूक सांगते. काँक्रीटची गाडी उशिरा आली होती, फ्लो (वाहण्याची क्षमता) उतरला होता, कुणीतरी पाणी मारलं (कुणी ते कधीच कळत नाही, ते आपोआप पडतं). मी स्लम्प फ्लो घेतला (शंकूत भरलेलं काँक्रीट शंकू उचलल्यावर किती पसरतं ते), ७०० मिमीच्या आसपास आला, ५५० ते ८५० च्या हद्दीत मस्त बसतोय म्हणून पास केलं. पसरलेल्या काँक्रीटच्या पोळीच्या कडेला पाणचट चकाकती किनार होती आणि मधोमध खडीचा ढीग बसला होता, ते डोळ्यांना दिसत होतं पण टेपवरचा आकडा बरोबर होता ना! त्याच गाडीतून भरलेल्या नमुन्यांत वरच्या सळया खालच्यांच्या बऱ्याच आधी सरकायला लागल्या. सळई किती सरकली ते दाखवणाऱ्या डायल गेजचा काटा निवांत फिरत चाललेला बघताना जे वाटतं ते सांगता येत नाही.

तेव्हापासून मी आकडा नंतर बघते, आधी कड बघते. मग जे-रिंग, म्हणजे सळयांचं कडं मधे ठेवून तीच पोळी परत पसरवायची, रिंगशिवाय आणि रिंगसकट फ्लोमध्ये २५ मिमीच्या आत फरक असेल तर काँक्रीट सळयांतून निघतंय, ५० च्या वर गेला तर गर्दीच्या जॉइंटमध्ये ते अडकणार हे धरूनच चाला.

तर सुपरवायझरसाहेब, व्हायब्रेटर नाही म्हणून घाबरू नका, गाडीत पाणी कोण मारतंय तिकडे लक्ष ठेवा. आणि मनाच्या समाधानासाठी "जरासा मारून घेऊ" म्हणून एससीसीत सुई घालू नका, खडी खाली जाईल, पाणी वर येईल आणि ती चंद्रकोर तुम्ही स्वतःच्या हाताने तयार केलेली असेल.