माझ्या कथेतली सासू पुणेरी बोलायची

चाळिशी उलटल्यावर कथा लिहायला लागले, तेव्हा पहिली अडचण ही की दाखवायची कुणाला? नवऱ्याने वाचली, "चांगली आहे की" म्हणाला आणि मॅच लावली. मैत्रिणींनी मोबाइलवर फुलं पाठवली. ऑफिसातल्या एकीने हळूच विचारलं, "तुझ्या सासूबाईंनी वाचली का गं?" यातून कथेचं पुढे काय करायचं, ते काही कळेना.

मग पैसे भरून दोन दिवसांची कार्यशाळा केली. नाव सांगत नाही. एसी हॉल, साठेक माणसं, जेवण उत्तम. कथेची व्याख्या झाली, घटक झाले, वक्त्यांचे स्वतःचे किस्से तर भरपूर झाले. दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्र मिळालं. माझी कथा पिशवीतून बाहेरसुद्धा आली नाही.

मी मुलुंडची, नोकरी लोअर परळला. गाडी बदलायला दादरला उतरावंच लागतं. म्हणून दादर पूर्वेच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जायला लागले. 1898 सालची संस्था, आणि मी इतकी वर्षं तिच्या जवळून धावत फलाट गाठत होते! तिथे एक नाद लागला. जुन्या अंकांतल्या कथांचा फक्त पहिला परिच्छेद वाचायचा आणि पुढे वाचावंसं का वाटलं, ते वहीत लिहायचं. कार्यशाळेपेक्षा हे स्वस्त पडलं. 'सत्यकथा' या जुन्या कथा-मासिकाबद्दलही तेव्हाच वाचलं. त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन गिरगावातल्या खटाववाडीतून लेखकांना कथेबद्दल सविस्तर पत्रं लिहीत. याच मासिकाचा अंक 1969 साली बंडखोर लेखकांनी जाळला होता, हेही वाचलं, तरी त्या पत्रांचा हेवा वाटायचा तो वाटलाच. मासिक बंद पडलं 1982 मध्ये. माझा जन्म त्याच वर्षीचा. गाडी थोडक्यात हुकली म्हणायची.

वाचनालयात एक निवृत्त शिक्षिका रोज समोर बसायच्या. माझी वही बघून त्यांनीच विचारलं, "लिहितेस का? मग पार्ल्याला ये आमच्याकडे. दुसऱ्या शनिवारी जमतो आम्ही." दुसरा शनिवार अशासाठी, की दोघंजण बँकेतले. एकूण सहा माणसं, एका बैठकीला दोनच कथा. लिहिणाऱ्याने मोठ्याने वाचायचं आणि सगळ्यांचं बोलून होईपर्यंत गप्प बसायचं. "छान" म्हणायचं तर कुठली ओळ, ते सांगायचं.

माझी पाळी आली तेव्हा घशाला कोरड पडली होती. कथा चाळीतली, सासू कणकवलीची. कागदावर तिचं वाक्य होतं, "मला काहीही नको आहे." वाचताना माझ्या तोंडून निघालं, "माका काय्येक नको." माझ्या आजीसारखं, त्याच हेलात. मी थबकले, चूक सुधारून कागदावरचं वाचलं.

वाचून झाल्यावर बाई म्हणाल्या, "ते आधीचं काय होतं गं? ते का नाही लिहिलंस?"

मला बोलायची परवानगी नव्हती, हे बरंच झालं. कारण उत्तर एवढंच होतं, की कथेत 'शुद्ध' लिहायचं असतं असं शाळेपासून डोक्यात बसलेलं. त्यात कॉलेजातल्या मुलाने विचारलं, "काकू, नळाला पाणी नक्की कधी येतं? पहिल्या पानावर पहाटे, चौथ्या पानावर संध्याकाळी." चार महिने ती कथा घासत होते, आणि हे मला दिसलं नव्हतं.

घरी जाताना गाडीतच खोडाखोड सुरू केली. सासू मालवणी बोलायला लागली तशी तिची वाक्यं आखडत गेली. मोठमोठी भाषणं त्या बोलीत तिला शोभेनात, ती आपोआप गळली. निवेदन प्रमाण मराठीतच ठेवलं, नाहीतर सुनेचं शहरीपण पुसलं गेलं असतं. नऊ पानांची सहा झाली.

पावसाळ्यात ती एका दिवाळी अंकाला पाठवली. उत्तर आलं नाही. दुसऱ्याकडून एका ओळीचा नकार आला, आता तिसरीकडे आहे. पार्ल्यात मी हे सांगितलं तेव्हा कुणी हळहळलं नाही. बाईंनी फक्त वहीत बघून माझी पुढची पाळी जानेवारीत लावली. येत्या शनिवारी मला नुसतं ऐकायचं आहे, आणि खाणं माझ्याकडे. घावणे नेईन म्हणते.