इडिटारॉड : नोमच्या पाळीसाठी नाव देण्यापूर्वी

‘स्वयंसेवकांची राहण्याची सोय होते’ असे कोणी सांगितल्यास त्यावर मुळीच विसंबू नये. इडिटारॉड ही कुत्र्यांच्या स्लेजगाड्यांची सुमारे १,६०० किलोमीटरची शर्यत अलास्कातील ज्या नोम गावी संपते, तिथे बाहेरून रस्ता जात नाही, विमानाचे तिकीट आपल्याच खिशातून काढावे लागते आणि मार्चमधील त्या दिवसांतल्या खोल्या फार आधीच भरलेल्या असतात. आम्हाला एका बारच्या माडीवर मोडका सोफा मिळाला, भाडे मात्र अँकरेज या अलास्कातल्या मोठ्या शहरामधील चांगल्या हॉटेलाचे. शिवाय पैसे परत मिळणार नाहीत, ही अट घरमालकाने आम्ही सामान टेकवल्यावर सांगितली.

खाली रात्री उशिरापर्यंत बँड वाजत असे. वाजवणारे तयारीचे होते, पण पहाटेची पाळी असलेल्याला त्याचे काय कौतुक! बँड थांबून डोळा लागावा तोच एखादी गाडी जवळ आल्याचा गावाचा भोंगा वाजतो आणि सगळे शर्यत जिथे संपते त्या फ्रंट स्ट्रीटवरच्या लाकडी कमानीकडे धावतात. कानात घालायचे बोळे न विसरता न्यावेत.

कुत्र्यांच्या तळावरची पाळी हा या प्रवासातील सर्वांत वाईट भाग होता. बेरिंग समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याने अंथरलेला पेंढा उडून थेट डोळ्यांत जातो, आणि जाड हातमोज्यांनी साखळीची कडी उघडत नसल्यामुळे ते काढावेच लागतात. म्हणून आत पातळ लोकरी हातमोजे हवेतच.

याउलट अँकरेजमध्ये मार्चच्या पहिल्या शनिवारी, शर्यतीच्या औपचारिक सुरुवातीला, ट्रकने बर्फ आणून पसरलेल्या फोर्थ अव्हेन्यूवर कुत्रे धरून उभे राहण्याचे काम मिळाल्यास डोळे झाकून घ्यावे. त्यांच्या भुंकण्यापुढे शेजारचा माणूसही ऐकू येत नाही, मात्र चालकाने गाडी रोखून धरणारा, बर्फात रोवलेला हूक उपसला आणि गाडी सुटली की सारा कल्लोळ एकदम थांबतो. नोमच्या कोणत्याही बँडपेक्षा मला हे संगीत मोलाचे वाटले. दुसऱ्या दिवशी, शर्यत जिथून खरी सुरू होते त्या विलो गावातला रविवारही सुखाचा गेला.

वाटेत चालकही गाणी ऐकतात. २०१५ साली ब्रेंट सॅस यांच्याजवळचा आयपॉड टच वायफायला जोडता येण्याजोगा निघाला आणि संपर्कसाधनांवरील तेव्हाच्या बंदीमुळे ते शर्यतीतून बाद झाले. त्यामुळे आपल्याकडील कोणतीही वस्तू चालकाला परस्पर देण्याचा आगाऊपणा स्वयंसेवकाने करू नये.

खोलीची पावती हाती येईपर्यंत नोमसाठी नाव देऊ नये, अँकरेजसाठी मात्र खुशाल द्यावे.