तुम्ही विचारलेत म्हणून: पाते कितव्या नंबरचे?

लाकडात कापलेली अक्षरे पाहिली, की ती कोणाच्या घरासाठी आहेत हे कोणी विचारत नाही. 'स्क्रोल सॉला पाते कितव्या नंबरचे लावता?' एवढेच विचारतात. स्क्रोल सॉ म्हणजे वरखाली होणाऱ्या बारीक पात्याने लाकडात नक्षी कापणारे यंत्र. इतकी वर्षे मी 'पाच' असे सांगून मोकळी होत आले. उत्तर खोटे नव्हते, पण ते ऐकून गेलेली मंडळी महिन्याभराने जळक्या कडांचा फोटो पाठवतात आणि पाते मीच बिघडवले असावे असा सूर लावतात, म्हणून या वेळी जरा सविस्तर लिहिते आहे.

नंबर वाढला की पाते जाड आणि रुंद होते, एवढेच तो नंबर सांगतो. पाच नंबरचे पाते साधारण 1 मिलिमीटर रुंद असते आणि 2/0 चे, म्हणजे शून्य नंबरहूनही बारीक पाते, त्याच्या निम्म्याहून थोडे अधिक. पाच नंबरला इंचाला बाराच्या आसपास दाते येतात, म्हणजे दोन दात्यांत दोन मिलिमीटरचे अंतर पडते. तुमचे प्लायवुड तीन मिलिमीटरचे असेल, तर एका वेळी जेमतेम एकच दाता लाकडात असतो आणि तो कापत नाही, ओरबाडतो. उलट 2/0 पाऊण इंच सागवानात घातले, तर बारीक दात्यांमध्ये भुसा अडकतो, पाते तापते आणि कड काळी पडते. निदान दोन-तीन दाते सतत लाकडात असावेत, हा हिशेब 'कितवा नंबर' या प्रश्नाच्या आधी करायचा असतो, आणि तो तुमच्या हातातले लाकूड पाहिल्याशिवाय मला करता येत नाही. पिनची, म्हणजे टोकांना आडवी पिन असलेली, पाती मी वापरतच नाही, कारण पिन आत जाण्यासाठी जेवढे भोक पाडावे लागते, तेवढ्यात 'ठ'चे पोट संपते.

आता माझ्या एका पाटीविषयी, कारण सर्पिल, म्हणजे पिळलेल्या, पात्यांवर मी उगाच राग धरते असे तुमच्यापैकी दोघा-तिघांनी मला ऐकवले आहे.

आजोळचे घर उतरवले तेव्हा मामाने सागवानी चौकटीचा एक तुकडा माझ्यासाठी बाजूला ठेवला होता. त्यातून आईच्या घरासाठी 'कृष्णाई' अशी पाटी करायची होती. देवनागरीत सगळी अक्षरे शिरोरेषेला लटकलेली असतात, त्यामुळे लाकडाच्या रेषा, म्हणजे तंतू, शिरोरेषेच्या दिशेने ठेवल्या तर ती मजबूत होते, पण खाली उतरणारा प्रत्येक काना आडव्या रेषांवर तोललेला राहतो आणि बिस्किटासारखा तुटू शकतो. हे मला ठाऊक होते. तरीही मी रेषा आडव्याच ठेवल्या, कारण तुकडा लांबीलाच पुरत होता. 'ष्णा' आणि 'ई' कापून होईपर्यंत पाऊण तास गेला होता आणि पाते तेच होते. सागवानात सिलिका असते, त्यामुळे दात्यांची धार इतर लाकडांपेक्षा लवकर जाते. यंत्राचा आवाज जड झाला होता, जळका वास येत होता, आणि मी लाकूड ढकलत होते. ढकलावे लागणे हीच पाते संपल्याची खूण आहे, असे मी दुसऱ्यांना तेव्हाही सांगत असे.

उरला होता 'कृ'चा ऋकार. आकड्यासारख्या तेवढ्या लहान वळणात चपटे पाते वळवायचे तर सगळी पाटी गरागरा फिरवावी लागते, म्हणून मी सर्पिल पाते लावले. ते पिळलेले असल्याने कोणत्याही दिशेने कापते, लाकूड फिरवावे लागत नाही. मात्र त्याला स्वतःची दिशाही नसते. जुन्या सागवानात मऊ आणि कठीण पट्टे आलटून पालटून येतात, आणि हे पाते मऊ पट्टा सापडला की त्याच्यामागे घसरते. माझे पाते आकड्याच्या मानेत घसरले. चार मिलिमीटर ठेवलेली मान दोन मिलिमीटर उरली, पाते वर जाताना पाटी किंचित उचलली गेली, आणि ऋकार टेबलावर न पडता सरळ खाली भुशात गेला. मी यंत्र बंद केले नाही. दोन-तीन सेकंद पाते हवेतच वरखाली होत राहिले.

मामाने पाटी पाहिली आणि म्हणाला, "कष्णाई तर कष्णाई. कष्टांची आई म्हणू." आई हसली. मी हसले नाही.

पुढे कित्येक वर्षे मी सर्पिल पात्याला दोष देत राहिले, आणि तुम्हाला 'पाच' सांगताना त्यात हा राग मिसळलेला असे. खरे सांगायचे, तर त्यानंतर आठवड्याभराने कप्प्यात पाच नंबरची दोन कोरी पाती सापडली. खालचे काही दाते उलटे असलेली, म्हणजे खालच्या बाजूला कुसळे न उठवणारी. ती मीच 'महत्त्वाच्या कामासाठी' राखून ठेवली होती. याहून महत्त्वाचे कोणते काम यायचे होते, हे मला आजही आठवत नाही. माझा बचाव असा, की तेव्हा पाती सहज मिळत नसत. पुण्याच्या बोहरी आळीत विचारले तर समोर जिगसॉची पाती ठेवत. पण डझनाने येणारी वस्तू जपून वापरायची आणि एकुलते एक लाकूड तिच्याखाली ढकलायचे, याला काटकसर म्हणवत नाही.

तरीही ताजे पाते लावले असते तर ऋकार वाचला असता, असे म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही. आडव्या रेषांवरची चार मिलिमीटरची मान पॉलिश पेपरखालीही तुटली असती. पाटी दाबून धरण्यात माझा हात कमी पडला, असेही असू शकेल. शिवाय सोळा इंची यंत्रात न फिरणारे मोठे चित्र कापायचे असेल, तर मी आजही सर्पिल पातेच काढते, आणि ते काम नीट होते.

काही गोष्टी मात्र सांगून ठेवते. ताणलेल्या पात्याला बोटाने छेडले, तर तंबोऱ्याच्या तारेसारखा स्वच्छ सूर यावा. 'थड' असा आवाज आला, तर पाते सैल आहे. नक्षीच्या कागदाखाली पॅकिंगची चिकटपट्टी लावली, तर कड कमी जळते. आणि पाते उजवीकडे ओढत असेल, तर यंत्र बिघडलेले नाही. दाते पाडताना पात्याच्या एका कडेला खरखर राहते, म्हणून लाकूडच थोडे तिरके धरून सरकवावे लागते. याबद्दल मला पुन्हा फोन करू नका.

चौकटीचा नऊ इंची तुकडा अजून शिल्लक आहे. त्यावर 'कृष्णाई'चा कागद मी दोनदा चिकटवला, एकदा रेषांच्या दिशेने आणि एकदा रेषांना आडवा, आणि दोन्ही वेळा सोलून काढला. तीन नंबरचे कोरे पाते यंत्राला लावून ठेवले आहे.