लिंपलेली ढोली

परवानगीचा कागद खिशात होता, अन् तो सहजी मिळालेला नव्हता. धरमपेठेतल्या काकूंना अंगणातला कडुनिंब आख्खाच नको होता. उद्यान विभागाचे साहेब पाहणीला आले, छातीच्या उंचीवर टेप फिरवला, साठीच्या पुढचं वय धरलं आणि म्हणाले, "2021 पासून 50 वर्षांचं झाड हेरिटेज धरतात, काकू. तोडलं तर जितकं वय तितकी रोपं लावायची, जगवायचीही." काकूंनी एवढ्याशा अंगणाकडे पाहिलं. शेवटी शेजारच्या नव्या बिल्डिंगकडे झुकलेल्या एका फांदीची छाटणी मंजूर झाली.

मे महिना. आम्ही सहालाच पोचलो, कारण दहानंतर नागपुरात झाडावर थांबणं म्हणजे तव्यावर बसणं. दोर टाकून वर गेलो. फांदीच्या बेचक्याशी जुना घाव दिसला आणि ओळख पटली. तो माझाच होता, 22 वर्षांपूर्वीचा. तेव्हा मी शिकाऊ. उस्ताद "पाड" म्हणाले की पाडायचं. आधी खालून चीर द्यायची, मग थोडं पुढे वरून कापायचं, वजन गेल्यावर खुंट सावकाश काढायचा, हे कोणी शिकवलंच नव्हतं. मी वरूनच कुऱ्हाड चालवली होती. फांदी सोलत गेली, सोबत खोडाची हातभर साल. तिथून पाणी मुरलं, लाकूड कुजलं, ढोली झाली.

ढोलीचं तोंड आता लिंपलेलं होतं. एक उभी फट तेवढी मोकळी. तीत चोच हलली.

धनेश! समोरच्या तारेवर नर येऊन बसला, चोचीत उंबर. मी चेनसॉ चालूच केला नाही.

खाली उतरताच शेजारचे भाऊ, "काहून उतरले? परवानगी आहे न?"

"आत मादी आहे, भाऊ."

"मग उडवून द्या न!"

"तिला उडता येत नाही सध्या. स्वतःला कोंडून घेते अन् आतच पिसं गाळते. नर भरवतो."

साहेबांना फोन लावला. वाटलं, म्हणतील, कागद दिलाय, उरका. (असेही भेटलेत.) हे स्कूटरवर आले, बराच वेळ मान वर करून पाहत राहिले. 1972 च्या वन्यजीव कायद्यात घरटं मोडणं, अंडी फोडणं हेही शिकारीतच मोडतं, असं भाऊंना समजावलं आणि त्याच कागदावर लिहिलं : पिल्लं उडेपर्यंत काम थांबवावे.

"अन् फांदी पडली तर?" भाऊ तापले. चुकीचं काहीच विचारत नव्हते ते.

साहेबांसमोरच ढोलीपासून लांबची टोकं हातआरीनं कापून फांदी हलकी केली. मधोमध दोर बांधून वरच्या जाड फांदीला ताण दिला. मशीनचा आवाज नको म्हणून दुपार झाली, हाताला फोड आले. तेवढा वेळ नर फिरकला नाही. आम्ही दोर गुंडाळले, गाडीत टाकले, तरी नाही. फाटकाबाहेर चहा पीत उभे होतो तेव्हा आला. माझा जीव भांड्यात पडला.

जूनमध्ये काकूंचा फोन. "दोन पिल्लं गुलमोहरावर बसून राहिली बाप्पा! आता या. पण ढोलीला हात लावू नका हं."

परवानगीची मुदत तोवर संपली होती. पुन्हा अर्ज केला, पुन्हा साहेब टेप घेऊन आले.