पाच पेंढ्या कडबा

"गावात करमतं का?" पुण्यातले जुने सोबती फोन केला की हमखास विचारतात. एकोणीस वर्षं नोकरी करून मी औसा तालुक्यातल्या आमच्या गावी परत आलो, त्याला आता पाच वर्षं होतील. मी आजवर "करमतं की" म्हणून विषय बदलत आलोय. पण आज खरं ते सांगतो, पहिली दोन वर्षं अजिबात करमलं नाही. आणि त्यात गावाचा दोष नव्हता.

वडील गेल्यावर फेरफार झाला, सातबाऱ्यावर माझं नाव लागलं. मला वाटलं, झालो गावकरी. गावात मात्र मी 'पुण्याचे' होतो. पारावर गेलो की लोक सरकून जागा द्यायचे, चहा सांगायचे, मग बोलणं थांबायचं. इतका मान पाहुण्यालाच मिळतो.

आमचं गाव तसं दोन ठिकाणी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात जुनं पडलं. गणपती बुडवून लोक नुकते झोपले होते. मी दहा वर्षांचा होतो. त्याविषयी इथं एवढंच. पुढं पुनर्वसनात नवं गाव बसलं, सरळ रस्त्यांचं, एकासारख्या एक घरांचं. तरी आजही म्हातारी माणसं विचारतात, "जुन्या गावात वेशीपाशी घर होतं, त्यांचा का तू?" ज्या घराची माती झाली, त्यावरून माझी ओळख पटते, ज्या घरात मी राहतो, त्यावरून नाही. मला हे आधी विचित्र वाटायचं.

असो. माझं चुकत काय होतं, तर मी सगळं रोख करत होतो. पेरणीला ट्रॅक्टर भाड्यानं, सोयाबीनची काढणी गुत्त्यानं, शेजाऱ्याचा फवारणीचा पंप एक दिवस वापरला तरी संध्याकाळी हातावर पैसे. शहरात याला व्यवहारी माणूस म्हणतात. कुणाचं काही ठेवायचं नाही, हा मला माझा गुण वाटायचा. पण ज्याच्याकडे कुणाचं काही येणं नाही, त्याच्या दारात माणूस कशाला येईल?

तिसऱ्या वर्षी येळवस आली. बाहेरच्यांसाठी सांगतो, वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. त्या दिवशी लातूर शहरसुद्धा ओस पडतं, सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे लहानशी खोप, करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, भज्जी, उंडे, खीर यांचा निवद दाखवायचा, पिकावर आंबील शिंपडायची. आदली दोन वर्षं मी दुसऱ्यांच्या शेतात जेवून आलो होतो. या वेळी आई म्हणाली, आपल्याच रानात कोप कर.

कोपीला पाच पेंढ्या लागतात आणि माझ्याकडे कडब्याची काडी नव्हती. खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा. ज्वारी कुणी पेरतंय? बैल गेले तशी ज्वारी गेली, ज्वारी गेली तसा कडबा गेला. गावात मोजक्याच गंजी उरल्यात. त्यातली एक शेजारच्या आबांची. गेलो, आणि सवयीनं खिशात हात घातला.

"पैसे दाखवलालास व्हय?" आबा खरंच चिडले. "येळवसीचा कडबा कुणी इकतंय का? तुरीच्या राशीला ये."

मी गेलो. दिवसभर मळणी यंत्राच्या तोंडाशी उभा राहून पेंढ्या घातल्या. गुळी नाकातोंडात गेली, अंगाला खाज सुटली, वर "पुण्यात हेच शिकलास का" हे ऐकून घ्यावं लागलं. गावात मला कुणी रागावण्याची ती पहिलीच वेळ. जेवताना आबांच्या सुनेनं न विचारता तिसरी भाकरी वाढली.

त्यानंतर मी पैसे द्यायचे टाळू लागलो. ऐकायला बरं वाटत नाही, पण तसंच आहे. पंप आणला की परत करताना हरभऱ्याची ढाळं न्यायची. माझी मोटर जळाली तर कुणी पाणी देतं, मग त्याच्या आईला मी गाडीतून दवाखान्यात नेतो. हिशेब कधीच फिटत नाही, आणि कुणी फेडायची घाईही करत नाही. याचा त्रासही आहे, तो लपवत नाही. रविवारी सकाळी सहाला दार वाजतं. कुणाच्या सोयरिकीत मी का बोललो नाही म्हणून दोन घरं आठ महिने रुसून होती.

गेल्या वर्षीपासून मी एकरभर ज्वारी पेरतो. दाण्याचा हिशेब मांडला तर परवडत नाही. यंदा येळवशीच्या आदल्या दिवशी खालच्या आळीतलं एक पोरगं आलं, "काका, कोपीला पेंढ्या पायजेत." मी पाच मोजून दिल्या. सहावी त्यानं न विचारता उचलली.